सोन्याच्या थरावर प्रतिपिंडाचे तुकडे बसवताना

बायोसेन्सरच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसवण्याचे काम मी काही वर्षांपासून करत आहे आणि त्यातला बराचसा काळ एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात गेला आहे. सोन्याच्या पातळ थरावर इतके प्रथिन बसले असे उपकरण सांगते. त्यातले कामाचे किती, हा तो प्रश्न. प्रथिन सोन्यावर बसवणे मुळीच अवघड नाही, कारण स्वच्छ सोन्यावर जवळपास कोणतेही प्रथिन आपणहून जाऊन चिकटते. अवघड आहे ते अशा रीतीने बसवणे, की प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला ओळखून धरते तो रेणू, पकडणारे टोक द्रावणाच्या बाजूला मोकळे राहील, रेणूची घडी मोडणार नाही आणि शेजारच्या रेणूमुळे प्रतिजनाची वाट अडणार नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र साधाव्यात म्हणून मी अखंड प्रतिपिंड बाजूला ठेवून त्याच्या तुकड्यांकडे वळले. त्या वाटेवर काय काय करावे लागले आणि कोणत्या टप्प्यावर काय दिसले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

नेहमीच्या वापरातले आयजीजी प्रतिपिंड सुमारे १५० किलोडाल्टन वजनाचे असते (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक). त्यात प्रत्येकी सुमारे ५० किलोडाल्टनच्या दोन जड शृंखला आणि प्रत्येकी सुमारे २५ किलोडाल्टनच्या दोन हलक्या शृंखला डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात. त्याच्या दोन भुजांच्या टोकांवर प्रतिजन पकडण्याची स्थाने असतात आणि खालचा एफसी हा भाग प्रतिजन पकडण्याच्या कामात काहीच भाग घेत नाही. असे प्रतिपिंड सेन्सरवर बसवण्याची रूढ पद्धत म्हणजे सोन्यावर कार्बॉक्सिल गटांचा थर तयार करायचा, तो ईडीसी आणि एनएचएस या रसायनांनी सक्रिय करायचा आणि प्रतिपिंडावरील लायसिनच्या अमाइन गटांशी त्याचा बंध घडवून आणायचा. परंतु लायसिन रेणूभर विखुरलेले असतात. त्यामुळे कोणता रेणू पायावर उभा राहील, कोणता कुशीवर पडेल आणि कोणाची बंधनस्थानेच खाली दाबली जातील, यावर आपले काहीही नियंत्रण राहत नाही. शिवाय नमुना रक्तजलाचा असेल, तर एफसी भाग निरुपयोगीच नव्हे तर उपद्रवी ठरतो. संधिवाताच्या अनेक रुग्णांच्या रक्तात एफसीलाच चिकटणारी प्रतिपिंडे असतात, त्यांना आपण रुमॅटॉइड फॅक्टर म्हणतो, आणि ती सेन्सरवर बसली की नसलेल्या प्रतिजनाचा संकेत उमटतो.

एफसी काढून टाकला तर ही अडचण मुळापासून जाते आणि हिशेबही आपल्या बाजूला झुकतो. अखंड प्रतिपिंडात १५० किलोडाल्टनमागे दोन बंधनस्थाने असतात, म्हणजे एका स्थानामागे ७५ किलोडाल्टन वजन पडते. फॅब, म्हणजे प्रतिपिंडाच्या एका भुजेचा सुटा तुकडा, सुमारे ५० किलोडाल्टनचा असतो आणि त्यात एक स्थान असते. पृष्ठभागावर समान वस्तुमान बसवले, तर फॅबमुळे दीडपट स्थाने मिळतात. अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला. तो प्रत्यक्षात कितपत उतरतो, हे पाहण्यासाठीच पुढचा सारा खटाटोप करावा लागला.

प्रतिपिंड कापण्याची तंत्रे जुनी आणि भक्कम आहेत. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये पपेन या विकराने प्रतिपिंडाचे तुकडे वेगळे केले आणि लगेच १९६० मध्ये आल्फ्रेड निसोनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेप्सिनने केलेले विच्छेदन मांडले. प्रतिपिंडांच्या रासायनिक रचनेवरील कामासाठी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन विकरांमधला एक फरक सेन्सरच्या कामात निर्णायक ठरतो. दोन जड शृंखला जेथे एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या लवचीक भागाला बिजागरी म्हणतात. पपेन या बिजागरीतील डायसल्फाइड बंधांच्या वरच्या बाजूला कापतो, त्यामुळे दोन सुटे फॅब मिळतात, पण बिजागरीचे गंधक त्यांच्याकडे राहत नाही. पेप्सिन बंधांच्या खालच्या बाजूला कापतो, त्यामुळे दोन्ही भुजा एकत्र असलेला सुमारे ११० किलोडाल्टनचा एफ-एबी-टू हा तुकडा मिळतो. त्याच्या बिजागरीतील बंध सौम्यपणे तोडला की दोन फॅब-प्राइम तुकडे सुटतात आणि प्रत्येकाच्या तळाशी, बंधनस्थानाच्या नेमक्या विरुद्ध टोकाला, मोकळा थायॉल गट, म्हणजे गंधक-हायड्रोजनची जोडी, उरतो. सोने आणि गंधक यांची ओढ सर्वश्रुत आहे. रेणू कोणत्या टोकाने सोन्यावर टेकावा, हे सांगणारी खूण निसर्गानेच त्या जागी ठेवलेली आहे, आणि ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

मी मायोग्लोबिनविरुद्धचे सशाचे एकजिनसी प्रतिपिंड निवडले, त्यामागे दोन कारणे होती. मायोग्लोबिन सुमारे १७ किलोडाल्टनचे, एकेकटे राहणारे प्रथिन आहे, त्यामुळे बंधनाचा हिशेब सरळ होतो. दुसरे कारण असे, की सशाच्या आयजीजीमध्ये दोन जड शृंखलांना जोडणारा डायसल्फाइड बंध एकच असतो, तर उंदराच्या किंवा माणसाच्या अनेक उपप्रकारांत तो एकाहून अधिक असतो. बंध एक असला की प्रत्येक फॅब-प्राइमवर बिजागरीतला एकच थायॉल अपेक्षित असतो आणि पुढची मोजणी निःसंदिग्ध होते. येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. बाजारातून येणाऱ्या प्रतिपिंडात टिकाऊपणासाठी अनेकदा बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन, मिसळलेले असते. बीएसएच्या रेणूवरही एक मोकळा थायॉल असतो, त्यामुळे सोन्यावर तेही हक्काने जागा घेते. म्हणून मी मागवतानाच बीएसए आणि जिलेटिन नसलेले प्रतिपिंड मागवते.

विच्छेदनासाठी प्रतिपिंड प्रथम सुमारे ४.२ पीएचच्या ॲसिटेट बफरमध्ये आणले आणि मण्यांवर बांधलेल्या पेप्सिनबरोबर ३७ अंश सेल्सिअसला हळूहळू फिरवत ठेवले. मण्यांवरच्या पेप्सिनचा फायदा असा, की मणी गाळून काढले की विकर निघून जातो आणि राहिलेच काही, तर द्रावण उदासीन केल्यावर ते निकामी होते. किती वेळ ठेवायचे हे पुस्तकातल्या आकड्यावर सोडता येत नाही. मी ठरावीक अंतराने थोडा नमुना काढून क्षपणक, म्हणजे डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन, न घालता रेणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर चालवला. १५० किलोडाल्टनचा पट्टा फिका होत जातो, ११० च्या आसपासचा गडद होतो आणि त्याखाली एफसीच्या चुऱ्याची धूसर रेघ दिसू लागते. वरचा पट्टा जवळपास नाहीसा झाला की थांबायचे. त्यापुढे ताणले तर हाती आलेला तुकडाही कुरतडला जातो. न कापलेले प्रतिपिंड प्रोटीन-ए च्या कॉलमवर अडकते, कारण प्रोटीन-ए एफसीला धरते. लहान पेप्टाइड ५० किलोडाल्टनच्या गाळणपटलातून निघून जातात. हा टप्पा वेळखाऊ आहे, पण त्यात फारशी अनिश्चितता नाही.

खरी कसोटी क्षपणाच्या टप्प्यावर लागते. बिजागरीतला बंध तोडायचा आहे, पण जड आणि हलक्या शृंखलांना जोडणारा बंध तसेच प्रत्येक घडीच्या पोटातले बंध शाबूत ठेवायचे आहेत. डीटीटी हा क्षपणक जोरदार आहे आणि मात्रा थोडी वाढली तरी शृंखला सुट्या होऊ लागतात. म्हणून मी २-मर्कॅप्टोइथिलअमाइन वापरते. प्रयोगशाळेत सगळे त्याला एमईए म्हणतात. ५० मिलिमोलर एमईए, त्यात ईडीटीए, तापमान ३७ अंश आणि वेळ सुमारे दीड तास, ही बऱ्यापैकी प्रस्थापित पद्धत आहे. ईडीटीए घालण्याचे कारण असे, की तांब्यालोखंडाचे अत्यल्प आयनही थायॉलच्या ऑक्सिडीकरणाला चालना देतात आणि ईडीटीए त्यांना जखडून ठेवते. क्षपणानंतरच्या जेलवर ५० किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टा आणि २५ जवळ जवळपास काहीच नाही, असे चित्र मिळाले की पुढे जाण्यास हरकत नसते.

मात्र एमईए स्वतः थायॉल आहे आणि हीच या पद्धतीतली सर्वांत नाजूक जागा आहे. आकडे मांडले म्हणजे गांभीर्य लक्षात येते. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम फॅब-प्राइम असेल, तर त्याची संहती सुमारे २० मायक्रोमोलर होते. एमईए ५० मिलिमोलर, म्हणजे प्रत्येक फॅब-प्राइममागे एमईएचे २,५०० रेणू. कॉलममधून ९९.९ टक्के एमईए काढून टाकले, तरी प्रत्येक तुकड्यामागे अडीच रेणू शिल्लक राहतात. एमईएचा रेणू अवघ्या ७७ डाल्टनचा असल्याने तो फॅब-प्राइमपेक्षा कितीतरी वेगाने सोन्यापर्यंत पोहोचतो आणि जागा अडवून बसतो. म्हणून मी द्रावण क्षार काढण्याच्या कॉलममधून लागोपाठ दोनदा जाऊ देते. परंतु येथे उशीरही परवडत नाही, कारण मोकळे झालेले थायॉल हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा एकमेकांना जोडले जाऊन एफ-एबी-टू परत तयार होऊ लागतो. या ओढाताणीवर उपाय म्हणजे वायू काढून टाकलेला, ईडीटीए असलेला आणि ६ च्या आसपास पीएच असलेला बफर. ऑक्सिडीकरण मुख्यतः थायॉलच्या ऋणभारित रूपातून होते. ज्या थायॉलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू ऋणभारित होतात तो आकडा, ८.३ च्या सुमारास आहे, त्याचा पीएच ६ ला जेमतेम अर्धा टक्का भाग त्या रूपात असतो.

कॉलमखाली छोट्या नळ्या लावून थेंब गोळा करताना प्रथम प्रथिन येते आणि नंतर एमईए. प्रत्येक नळीतून थोडे द्रावण घेऊन त्यात पीएच ८ ला एलमनचे अभिकर्मक टाकले की मोकळ्या थायॉलच्या प्रमाणात पिवळा रंग उमटतो. प्रथिनाच्या नळ्यांत हा रंग फिकट लिंबासारखा असतो, पुढच्या काही नळ्यांत तो जवळपास नाहीसा होतो आणि मग एमईए येऊ लागताच एकदम गडद पिवळा होतो. मधली ही रंगहीन पट्टी रुंद असेल तर वेगळे करणे नीट झाले. ती नसेलच, तर त्या दिवशीचा थर बसवण्यात अर्थ नाही. डोळ्यांवर न विसंबता ४१२ नॅनोमीटरवर शोषण मोजले, की एलमनच्या रंगाचा मोलर शोषणगुणांक १४,१५० असल्याने थायॉलची संहती मिळते. २० मायक्रोमोलर फॅब-प्राइमवर प्रत्येकी एक थायॉल असेल, तर एक सेंटिमीटरच्या कुव्हेटमध्ये शोषण ०.२८ च्या आसपास यायला हवे. २८० नॅनोमीटरवरून प्रथिनाची संहती काढून दोन्हींचे गुणोत्तर घेतले, की ते एकच्या जवळ हवे. ते दोन-तीनपर्यंत गेले तर एमईए उरले आहे किंवा नको ते बंध तुटले आहेत. एकच्या बरेच खाली गेले तर थायॉल पुन्हा बंद झाले आहेत. माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत इतक्या कमी खर्चात इतकी माहिती देणारी दुसरी चाचणी नाही, आणि अनेक अहवालांत हे गुणोत्तर दिलेलेच नसते याची मला खंत वाटते.

सोन्याच्या चिपची तयारी त्याच वेळी समांतर चालू ठेवावी लागते. आमच्या चिपमध्ये काचेवर काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियमचा किंवा टायटॅनियमचा थर असतो, कारण सोने काचेला थेट धरत नाही, आणि त्यावर सुमारे ५० नॅनोमीटर सोने असते. पृष्ठभागावर किती वस्तुमान बसले हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजणाऱ्या सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स, म्हणजे एसपीआर, या तंत्रासाठी ही जाडी सोयीची असते. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे पिरान्हा मिश्रण सोने उत्तम स्वच्छ करते, पण सेंद्रिय द्रावकाचा अंश राहिला असेल तर त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून पातळ थरांसाठी मी अतिनील किरण आणि ओझोन यांची पद्धत पत्करली. ओझोनमुळे सोन्यावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो, तो इथेनॉलमध्ये बुडवल्याने निघून जातो. त्यानंतर पाणी, नायट्रोजनचा झोत आणि लगोलग वापर. स्वच्छ सोन्यावर पाण्याचा थेंब पसरून सपाट होतो. तीच चिप काही काळ उघडी ठेवली की हवेतील हायड्रोकार्बन तिच्यावर बसतात आणि थेंब फुगीर राहू लागतो. एलमनची चाचणी संपायची वेळ आणि चिप कोरडी व्हायची वेळ जुळवून आणणे, हे माझ्या लेखी या कामातले खरे कसब आहे.

बसवण्याची क्रिया एसपीआरच्या प्रवाहवाहिनीत केली, म्हणजे प्रत्येक क्षणी काय घडते ते आलेखावर दिसत राहिले. फॅब-प्राइम सोडताच रेषा झपाट्याने वर चढते आणि नंतर हळूहळू सपाट होते. हा चढ पाहून समाधान मानण्याचा मोह होतो, पण तो चढ गंधक सोन्याला जोडले गेल्याचा पुरावा नव्हे. प्रथिनांतले अमाइन गट, जलविरोधी पट्टे, मेथिओनिनचे गंधक, हे सगळेच सोन्याला चिकटू शकते. म्हणून मी त्याच द्रावणाचा एक भाग वेगळा काढून त्यातील मोकळे थायॉल एन-इथिलमॅलिमाइडने कायमचे बंद केले, जास्तीचे रसायन कॉलमवर काढून टाकले आणि हा नमुना शेजारच्या वाहिनीत सोडला. त्या वाहिनीतली रेषाही जवळपास तितकीच वर चढली. वस्तुमानाकडे पाहून दोन्ही पृष्ठभागांतला फरक सांगताच आला नसता.

फरक दिसला तो पुढच्या दोन पायऱ्यांत. ट्वीन-२० हे सौम्य अपमार्जक असलेल्या बफरने दोन्ही वाहिन्या धुतल्यावर थायॉल बंद केलेल्या वाहिनीतून बरेच अधिक प्रथिन निघून गेले. नंतर मायोग्लोबिन सोडले, तेव्हा तेथे उरलेल्या प्रथिनाने फारच थोडे मायोग्लोबिन पकडले, तर थायॉल मोकळे असलेल्या वाहिनीत संकेत स्पष्ट होता. बंधनस्थाने किती जिवंत आहेत, हे मोजण्याचा मार्ग साधा आहे. फॅब-प्राइम ५० किलोडाल्टनचा आणि मायोग्लोबिन १७ किलोडाल्टनचे, म्हणजे प्रत्येक स्थान भरले तर प्रतिजनाचा संकेत बसलेल्या प्रथिनाच्या संकेताच्या ०.३४ पट असायला हवा. समजा १,५०० एकके फॅब-प्राइम बसला, तर कमाल ५१० एककांची अपेक्षा धरायची आणि प्रत्यक्ष मिळालेला कमाल संकेत त्याच्याशी ताडून पाहायचा. अमाइन पद्धतीने बसवलेल्या अखंड प्रतिपिंडाच्या बाबतीत माझ्याकडे हा अंश एक तृतीयांशाच्या आतच राहत असे. फॅब-प्राइमच्या चांगल्या थरावर तो निम्म्याच्या वर गेला. पूर्ण शंभर टक्के कधीच मिळाले नाहीत, कारण काही तुकडे थायॉल मोकळा असूनही आधी आडवे पडतात आणि सोन्याला इतक्या ठिकाणी चिकटतात की पुन्हा उठू शकत नाहीत.

या आडव्या पडण्याला आळा घालण्यासाठी रिकाम्या जागा भरणारा रेणू लागतो. मी प्रथम ६-मर्कॅप्टोहेक्सॅनॉल वापरून पाहिले. तो लहान थायॉल असल्याने मोकळ्या सोन्यावर शिरतो आणि सैल चिकटलेल्या प्रथिनाला उचलून धरतो, पण जास्त वेळ ठेवला तर नीट बसलेल्या फॅब-प्राइमलाही हुसकावून लावतो. त्यानंतर इथिलीन ग्लायकॉलची सहा-सात एककांची आखूड साखळी असलेला थायॉल वापरला. या साखळीची लांबी सुमारे दोन नॅनोमीटर असते आणि उभ्या फॅब-प्राइमची उंची सात-आठ नॅनोमीटर, त्यामुळे प्रतिजनाची वाट अडत नाही आणि रक्तजलातील इतर प्रथिने मात्र दूर राहतात. लांब पॉलिमर वापरले तर तुकडा त्यात बुडून जातो. फॅब-प्राइम आधी आणि ग्लायकॉल नंतर, हा क्रम मला दोन्ही एकत्र सोडण्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटला, कारण एकत्र सोडल्यास लहान रेणू शर्यत जिंकतो आणि प्रत्येक वेळी थराची रचना वेगळी येते.

घनतेच्या प्रश्नाने मला सर्वाधिक शिकवले. साहजिकच सुरुवातीला जितके अधिक फॅब-प्राइम बसेल तितका संकेत मोठा, असे गृहीत धरले जाते. द्रावणाची संहती मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमवरून २५ पर्यंत खाली आणली, तेव्हा बसलेले वस्तुमान लक्षणीय घटले, पण पकडलेल्या मायोग्लोबिनचे प्रमाण त्या मानाने फारच थोडे कमी झाले. दाट पेरणी केली की रोपे वाढतात पण कणीस भरत नाही, तसेच येथे घडते. दाट थरात शेजारच्या भुजा एकमेकींच्या बंधनस्थानांना झाकतात आणि एका स्थानावर बसलेला प्रतिजन शेजारचे स्थान अडवतो. याशिवाय आणखी एक अडचण गतिकीची आहे. स्थाने फार दाट असली, तर प्रतिजन पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा वेग त्याच्या पकडले जाण्याच्या वेगाहून कमी पडतो आणि सुटलेला रेणू दूर जाण्याआधीच पुन्हा पकडला जातो. मग आलेखावरून काढलेले वेगांक, म्हणजे प्रतिजन जुळण्याच्या आणि सुटण्याच्या वेगाचे आकडे, प्रतिपिंडाचे गुणधर्म न सांगता प्रवाहाचे सांगू लागतात. वेगांक काढायचे असतील तेव्हा मी मुद्दाम विरळ थर घेते. रक्तजलातील प्रतिजन शोधायचा असेल तेव्हा मध्यम घनता ठेवते. सर्वांत दाट थराची गरज मला आजवर भासलेली नाही.

रक्तजलाची चाचणी घेताना तुलनेची वाहिनी काय असावी, याविषयी माझे मत ठाम आहे. केवळ ग्लायकॉलचा थर असलेली वाहिनी तुलनेला पुरेशी नाही, कारण तिच्यावर प्रथिनाचा पृष्ठभागच नसतो. ज्याचे लक्ष्य रक्तात सापडणार नाही अशा दुसऱ्या सशाच्या प्रतिपिंडापासून त्याच पद्धतीने केलेला फॅब-प्राइम तितक्याच घनतेने बसवून ती वाहिनी तुलनेला घ्यावी. दहापट विरल केलेल्या रक्तजलात या दोन वाहिन्यांमधला फरक हाच विश्वासार्ह संकेत ठरतो. एफसी नसल्याचा लाभही येथेच प्रत्ययाला येतो, कारण अखंड प्रतिपिंडाच्या चिपवर रुमॅटॉइड फॅक्टर असलेला नमुना जो भ्रामक चढ दाखवतो, तो या चिपवर दिसला नाही.

पृष्ठभाग पुन्हा वापरण्यासाठी पकडलेला प्रतिजन सोडवावा लागतो. पीएच २ च्या आसपासच्या ग्लायसिन द्रावणाचा अर्ध्या मिनिटाचा झोत त्यासाठी पुरेसा होतो. सोने आणि गंधक यांचा बंध हे आम्ल सहज सोसतो. सोसत नाही ती प्रथिनाची घडी. प्रत्येक झोतानंतर मूळ रेषा जागेवर येते, पण प्रतिजनाचा कमाल संकेत थोडा थोडा उतरत जातो. त्यामुळे मूळ रेषा स्थिर आहे एवढ्यावरून पृष्ठभाग ठणठणीत आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. दर काही फेऱ्यांनी ज्ञात संहतीचे मायोग्लोबिन सोडून पाहणे आवश्यक आहे.

अलीकडे मी याहून लहान तुकड्यांवर काम करत आहे. उंटाच्या कुळातील प्राण्यांमध्ये हलकी शृंखला नसलेली प्रतिपिंडे असतात, हा शोध ब्रुसेल्समधील संशोधकांनी १९९३ मध्ये जाहीर केला. त्यांचा प्रतिजन पकडणारा सुटा भाग, ज्याला नॅनोबॉडी म्हणतात, अवघा १५ किलोडाल्टनचा, सुमारे चार नॅनोमीटर लांब आणि अडीच नॅनोमीटर रुंद असतो. मायोग्लोबिन पकडणारी नॅनोबॉडी घेतली, तर पूर्ण भरल्यावर प्रतिजनाचा संकेत बसलेल्या प्रथिनाच्या संकेताहूनही मोठा असायला हवा. विद्युतभारावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टर सेन्सरसाठी तर हा लहानपणा फारच मोलाचा आहे, कारण शरीरद्रवाइतक्या क्षारतेत पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरच्या आतच विद्युतभार झाकला जातो आणि प्रतिजन जितका जवळ पकडता येईल तितके बरे.

पण नॅनोबॉडीला बिजागरी नाही. तिच्या शेपटाच्या टोकाला, म्हणजे बंधनस्थानाच्या विरुद्ध बाजूला, जनुकातच एक सिस्टिन जोडून घ्यावा लागतो. जिवाणूंकडून ती तयार करून घेतली की हे सिस्टिन बहुधा दुसऱ्या नॅनोबॉडीशी किंवा ग्लुटाथायोनशी जोडलेले मिळते, म्हणून टीसीईपी या क्षपणकाने सौम्य क्षपण करावे लागते. घडीच्या पोटातला बंध आत दडलेला असल्याने तो बहुधा टिकतो. अशी नॅनोबॉडी उघड्या सोन्यावर थेट बसवली, तर इतका छोटा रेणू सगळ्या बाजूंनी धातूला टेकतो आणि त्याचे कार्य बऱ्याच अंशी जाते. त्यामुळे मी येथे क्रम उलटा केला आहे. आधी ग्लायकॉलचा थर, त्यातील थोड्या साखळ्यांच्या टोकाला मॅलिमाइड गट आणि त्या गटांवर सिस्टिनच्या साहाय्याने नॅनोबॉडी. सोन्याला प्रथिनाचा स्पर्शच होत नाही आणि मॅलिमाइडच्या साखळ्या किती मिसळल्या, यावरून घनताही ठरवता येते.

सध्या लक्ष आहे ते साठवणीवर. हवेतील ओझोनमुळे सोन्यावरील गंधकाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि थर सुटू लागतो, त्यामुळे तयार चिप मी नायट्रोजन भरलेल्या बंद डब्यात, अंधारात आणि ४ अंशांवर ठेवते. काही चिप बफरखाली ओल्या ठेवल्या आहेत, तर काही ट्रेहॅलोज या शर्करेच्या द्रावणात बुडवून वाळवल्या आहेत. प्रत्येक डब्यावर बसलेले वस्तुमान, एलमनचे किंवा मॅलिमाइडचे गुणोत्तर आणि पहिल्या दिवशीचा जिवंत अंश लिहिलेला असतो. ठरलेल्या दिवशी त्यातली एकेक चिप काढून तिच्यावरून मायोग्लोबिन सोडायचे आणि नवा अंश जुन्याशेजारी मांडायचा, असे ते काम चालू आहे. फॅब-प्राइमच्या वाळवलेल्या चिप आतापर्यंत ओल्यांच्या तुलनेत अधिक टिकल्या आहेत. नॅनोबॉडीच्या चिपची मोजणी अजून सुरू आहे.